कोरड्यावरचं गलबत

जालन्याच्या मस्तगडात काही जुन्या दुकानांची दारं रुंद सागवानी फळ्यांची आहेत. त्यांच्यावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल. दुकानदार म्हणतात, भिंतीचा लोणा दारात उतरलाय. उतरू द्या. त्या फळ्या एके काळी माझ्या हाताखाली होत्या, आणि त्या दारासाठी कापलेल्या नव्हत्या. त्या गलबताच्या होत्या.

जालन्यात गलबत म्हटल्यावर वाचणारा पान उलटील, म्हणून आधी खुलासा करतो. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या शेटजींची जिनिंग होती. घराणं अजून नांदतंय म्हणून नाव लिहीत नाही. त्यांचा कापूस रेल्वेनं मुंबईला जायचा आणि तिथून त्यांच्याच मालकीच्या गलबतातून किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढे. गलबत म्हणजे माल वाहणारं शिडाचं लाकडी जहाज. याच गलबताच्या पायगुणानं घरात बरकत आली अशी शेटजींची खात्री. ते म्हातारं झालं, मोडीत काढायची वेळ आली, तेव्हा शेटजी म्हणाले, "जिसने खिलाया, उसको चूल्हे में नहीं डालना." मंडळींनी डोक्याला हात लावला. पण पैसा त्यांचा आणि हट्टही त्यांचाच. फळी न् फळी सुटी करून मालगाडीनं आणली, शहराबाहेरच्या तलावाच्या काठाला दगडी धक्का बांधला आणि कोकणातले सुतार बोलावून त्यावर गलबत पुन्हा उभं केलं. शीड, दोर, नांगर, पोटात कापसाच्या गाठी, सगळं जागच्या जागी. कोणीही यावं, बघून जावं. शेटजी त्याला अजायबघर म्हणत. लोक नुसतं 'जहाज' म्हणत.

कोकणातले सुतार काम संपवून गेले आणि राखणीला मला ठेवलं. मी हसनाबादचा. गाडीची चाकं, तिफणी, दारं-खिडक्या यात हयात गेलेली. समुद्र मी आजवर पाहिला नाही, आता पाहायची उमेदही नाही. पण गलबत कोरड्यावर कसं जगवायचं हे मला विचारा.

पाण्यातलं लाकूड फुगलेलं असतं, म्हणून फळीला फळी घट्ट बसते. तेच लाकूड आमच्या उन्हात आलं की आकसतं आणि फटीतून पलीकडचा तलाव दिसायला लागतो. चाक सैल झालं की आम्ही ते नदीत बुडवून ठेवतो. गलबत कशात बुडवणार? म्हणून फटीत कापसाचा पीळ छिन्नीनं ठोकून बसवायचा, वरून राळ आणि तेल घोटून भरायचं. समुद्रावर माशाचं तेल वापरतात म्हणे. पण शेटजींच्या घरात कांदासुद्धा चालत नसे, मग मासा कुठला? आम्ही करडीचं तेल लावलं. मुंग्या अशा लोटल्या की गलबत त्यांनीच वल्हवून नेलं असतं.

दुसरी गोष्ट मिठाची. लाकूड कुजू नये म्हणून गलबताच्या फासळ्यांमध्ये मीठ ठासलेलं असतं, आणि वर इतक्या वर्षांचा समुद्र मुरलेला. त्यामुळे पावसाळ्यात गलबताला घाम यायचा. फळ्या ओल्या व्हायच्या, थेंब गळायचे. आसपासच्या शेळ्या येऊन बाहेरची अंगं चाटत बसायच्या. पाहणारे घाबरायचे, मी त्यांना समजावून सांगायचो. मिठाला दमट हवा लागली की पाणी सुटतं, तुमच्या घरच्या बरणीत सुटतं तसंच. हे मी इतक्यांदा सांगितलं की माझाही त्याच्यावर पक्का विश्वास बसला होता.

पाहायला येणारे तऱ्हेतऱ्हेचे. एक तहसीलदारसाहेब बूट न काढता वर चढले, सगळं पाहिलं आणि उतरताना विचारते झाले, "सब ठीक है मिस्त्री, मगर इसको बैल कहाँ जोतते हैं?" एक म्हातारा दर सोमवारी येऊन नाळेला, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावून जायचा. मी म्हटलं, "बाबा, ह्यो देव न्हाई." तो म्हणाला, "तुला काय ठावं? एवढं मोठं लाकूड एवढ्या लांबून आलं, ते काय उगाच आलं का?"

गलबताबरोबर एक माणूसही आला होता. हुसेन तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, त्याच्या शब्दावर शीड चढतं आणि उतरतं. तो कोकणातला मुसलमान. जालन्यातल्या मुसलमान मंडळींनी मोठ्या अगत्यानं त्याच्याशी उर्दूत बोलणं काढलं, तर हा सानुनासिक मराठीत उत्तर देणार. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि तो माझ्या वाट्याला आला. मोठा शिस्तीचा माणूस. रोज सकाळी डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या चौकोनी भोकातून खाली बांबू सोडायचा, वर काढायचा आणि बोटानं चाचपायचा. तळाशी किती पाणी भरलंय ते पाहायचं असतं. मी म्हणायचो, "तांडेल, धक्क्यावर कुठलं आलंय पानी?" तो हसायचा नाही. त्याची कबर जालन्यातच आहे. समुद्राच्या माणसाला इतकी कोरडी जागा मिळाली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता आवाजाचं. लाकूड बोलतं हे कुठलाही सुतार सांगेल. उन्हानं तापलं की कडाकड वाजतं, संध्याकाळी निवताना कण्हतं. त्याची मला भीती नव्हती. पण भर दुपारी, सगळीकडे सामसूम झाली की गलबताच्या पोटातून वेगळाच आवाज यायचा. आधी खळ्ळ, मग जरा थांबून धप्प. पुन्हा खळ्ळ, पुन्हा धप्प. विहिरीवर कोणी बादली भरून ओतावी तसा, एका लयीत. पहिल्यांदा वाटलं तांडेल खाली धुणं धुतोय. पाहिलं तर तांडेल माझ्यामागेच सावलीत बसलेला. मी खाली उतरलो की आवाज बंद. गाठी, दोर, कोळिष्टकं, बाकी काही नाही. वर आलो की पुन्हा सुरू.

एकदा भर उन्हाळ्यात, तलावाला भेगा पडलेल्या असताना, डोलकाठीच्या बुडाशी पाणी सांडलेलं दिसलं. बोट लावून चाखलं. खारट. मिठाला पाणी सुटलं म्हणायचं तर हवा अशी कोरडी की ओठ फुटत होते. तांडेलाला दाखवलं. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, ते पुसलं, फडकं तलावाच्या बाजूला पिळलं आणि म्हणाला, "असूं दे मिस्तरी. काम चाललंय." कसलं काम ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची छाती झाली नाही.

कौसाबाई त्याआधीपासून येत होती. धावड्याची शेतकऱ्याची बाई. कापसाचा हंगाम असला की गावच्या गाड्यांबरोबर जालन्याला यायची. गाड्या जिनिंगवर रिकाम्या होईपर्यंत ती इकडे येऊन धक्क्यावर बसायची. तिचा नवरा जिनिंगवर कामाला होता. गाठींच्या राखणीसाठी मालगाडीबरोबर मुंबईला गेला आणि तिथं गलबतावर चढला, एवढंच तिला ठाऊक. परत आला नाही, निरोप नाही. जिनिंगवाले म्हणत, तो मुंबईतच राहिला असेल, मुंबईला गेलेला माणूस कुठं सापडतो?

तिच्या जिवाला एकच घोर होता. नवरा आहे की नाही? दीर म्हणायचा, तो गेला, आता बांगड्या उतरव आणि आमच्या म्हणण्यानं राहा. सासू म्हणायची, माझं लेकरू जितं आहे, कुंकू पुसशील तर पाप लागेल. गावातल्या सवाष्णी तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत आणि विधवा आपल्यात घेत नसत. पोरीचं लग्न ठरवायला कोणी आलं की पहिला प्रश्न तोच, मुलीचा बाप आहे का? काय सांगणार?

दर खेपेला ती तांडेलासमोर उभी राहायची. "बाबा, आमचे मालक तुमच्याच जहाजावर व्हते ना? एकदा सांगून टाका. हाय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. मधी नका ठेवू मला."

तांडेल खाली बघायचा. "घाटी होता एक," म्हणायचा. कोकणी माणूस आपल्याकडच्या सगळ्यांना घाटीच म्हणतो. "पुढलं मला नाय माहीत गो बाय."

खोटं बोलताना त्याचा हात कुठला तरी दोर धरायचा, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडातून सत्य ओढून काढणं सुताराच्या सांडशीला जमत नाही.

मग ती चैत्रातली दुपार. शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन धावड्याच्या गाड्या आल्या होत्या. औरंगाबादहून कोणी बडे साहेब जहाज पाहायला येणार होते. शेटजींनी सांगून ठेवलं की तांडेलाच्या पेटीत खलाशांची जेवायची भांडी पडून आहेत, ती घासूनपुसून मांडा, साहेबांना दिसली पाहिजेत. शुक्रवार होता, तांडेल नमाजाला गेलेला. पेटीला कुलूप नव्हतं. मी वाडगे बाहेर काढले आणि फळ्यांवर बसून घासायला लागलो.

कौसाबाई शिडीवरून वर आली. माझं घासणं थोडा वेळ पाहत राहिली आणि तिला काही ते बघवेना. "सरका मिस्तरी भाऊ. हे काय रंदा मारून राह्यले का?" तिनं राख मागितली, पदर खोचला आणि बसली. कथलाचे, तांब्याचे, एकेक वाडगा ती घासायची, विसळायची आणि निथळायला पालथा घालायची. आपल्या घराघरात घालतात तसाच.

एक वाडगा हातात घेतला आणि तिचे हात थांबले. काशाचा वाडगा. बुडाला चीर गेलेली आणि तिथं तांब्याचा बारका तुकडा ठोकून सांधलेला. तिनं त्या सांध्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं. मग तो इतरांपेक्षा जास्त वेळ घासला आणि सगळ्यांच्या शेवटी, तोही पालथा घातला. मला तिच्या चेहऱ्यावर आनंदच दिसला. म्हणजे माणूस इथं होता, जेवत होता. भांडं टाकून पळालाही असेल. पळालेला माणूस जिता असतो.

तेवढ्यात तांडेल आला. शिडीच्या वरच्या पायरीवरच थिजला.

"कोणी घातले पालथे?"

"म्या," कौसाबाई म्हणाली. "पानी निथळाया. काहून बाबा?"

"गलबतावर भांडं पालथं घालीत नाय. पालथं भांडं म्हणजे पालथं गलबत." तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक वाडगा सरळ करायला लागला. प्रत्येकावर क्षणभर तळवा ठेवायचा आणि मग पुढे जायचा. रांगेच्या शेवटी काशाच्या वाडग्याशी आला. हात पुढं केला, आणि मागं घेतला.

"एक ऱ्हायला," ती म्हणाली.

"तो तसाच असतो."

"काहून?"

तांडेलाचा हात दोर शोधत होता, पण जवळ दोर नव्हता.

"तो वाडगा माझ्या बापानं आंदनात दिल्ता," कौसाबाई म्हणाली. "म्या आमच्या मालकाच्या गठुड्यात बांधला व्हता. सांगा बाबा, तो एकलाच काहून पालथा?"

"माणूस पाण्यात गेला की त्याचं भांडं पालथं घालतात," तांडेल म्हणाला. "ते घरच्यांच्या हातात द्यायचं असतं. दिलं की तो सुटतो. मी तुला दिलं नाय."

मग त्यानं सांगितलं. वादळ होतं, तळाशी पाणी भरत होतं. घाटी पोहता न येणारा माणूस, पण अंगात बळ मोठं, म्हणून त्याला उपसायला लावलं. खालून बादली भरायची, वर येऊन ओतायची. एका खेपेला तो बादली घेऊन वर आला आणि लाटेनं त्याला उचललं. आता गलबत जाणार म्हणून बाकीच्यांनी देवाचं नाव घेतलं. पण पाणी चढेना. खाली कोणी नव्हतं आणि उपसण्याचा आवाज येत होता. गलबत किनाऱ्याला लागलं. त्यानंतर ते कधी गळलं नाही.

"मी त्याला सोडला असता तर गलबत गेलं असतं," तांडेल म्हणाला. "खलाशी होते, माल होता. म्हणून भांडं पेटीत ठेवलं. एक फेरी, आणखी एक फेरी. तशीच वर्षं गेली गो बाय."

मला त्याचा राग आला. आजही येतो. पण तो रडत होता, आणि कौसाबाई रडत नव्हती. ती ऐकत होती. त्याचं नव्हे, खालचं.

खळ्ळ. धप्प.

"ते कोन करून राह्यलंय?" तिनं विचारलं.

"तोच."

"पानी तं न्हाई हितं."

"त्याला कुठं ठाऊक आहे? गलबत जमिनीवर आलं हे त्याला कोणी सांगितलंच नाय."

इतकी वर्षं त्या आवाजाला मी लाकूड म्हणत आलो होतो, आणि खाली एक माणूस राबत होता. आपल्याकडचा, आपल्या मातीतला. काम संपलं हे सांगायला कोणाला सवड झाली नव्हती.

कौसाबाई उठली. डोलकाठीच्या बुडाशी त्या चौकोनी भोकाजवळ गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकली. "अवो," तिनं हाक मारली. "अवो, ऐकलं का?"

खळ्ळ. धप्प.

"अवो, म्या आल्ये. धावड्याहून."

आवाज थांबला नाही.

तांडेल म्हणाला, "नावानं हाक मार बाय. गलबतावर नावाच्या हाकेलाच माणूस वर येतो."

ती तशीच वाकून राहिली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं लहानपणापासून तिच्या कानावर घातलेलं असतं. ज्याचं आयुष्य शिल्लक आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी ती इतकी वर्षं हे जपत आली होती. दिरानं, गावानं, कोणी कितीही डिवचलं तरी 'आमचे मालक' यापलीकडे गेली नव्हती. मलासुद्धा त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. आता ते नाव तोंडातून काढणं म्हणजे तो नाही हे आपणच म्हणणं. दीर नाही, तांडेल नाही, तिनंच. तिचा हात कपाळाकडे गेला आणि कुंकवाला न लागता खाली आला.

"तुळशीराम," ती म्हणाली.

पहिल्यांदा हळू. मग सगळं गलबत दणाणेल एवढ्यानं. "तुळशीराम! पानी सरलं. बास झालं आता. वर या."

खळ्ळ झालं. धप्प झालंच नाही.

मी वाट पाहिली, तांडेलानं पाहिली. काही नाही. एवढ्या मोठ्या लाकडातून एक चर्रसुद्धा नाही. भर चैत्रात त्या भोकातून गार वारा आला आणि माझ्या तोंडावरून गेला. त्याला कसला तरी वास होता. तो मला ओळखू आला नाही, पण तांडेलाला आला असावा, कारण त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

कौसाबाईनं काशाचा वाडगा उचलला, सरळ केला आणि पदराखाली घेतला. "चला," ती म्हणाली. तांडेलाशी नाही, माझ्याशीही नाही. "तुमचं काय करायचं ते घरी करू. पोरीचं लगीन व्हायचंय."

शिडीपाशी येऊन ती बाजूला सरली. आमच्या बायका नवऱ्यासोबत निघाल्या की त्याला पुढं होऊ देतात आणि मागून चालतात. ती तशी खाली मान घालून, पदर धरून उभी राहिली. शिडी मी स्वतः केलेली, कडुलिंबाच्या लाकडाची. तिच्या पायऱ्यांवर माणसाचा भार पडला की कसा आवाज होतो हे मी झोपेतही सांगेन. तो आवाज वरून खाली, एकेका पायरीनं, जड पावलानं गेला.

तो थांबल्यावर मग कौसाबाई उतरली.